वाटणीपुरते पूर्वज

लिंबागणेशमध्ये राहणाऱ्या माणसाला कुणी लिंबागणेशकर म्हणत नाही. त्या नावानं हाक यायची तर आधी गाव सोडावं लागतं, दुसऱ्या गावात बिऱ्हाड करावं लागतं आणि तिथल्या लोकांना हा कुठून आला ते सांगायची गरज पडावी लागते. ‘कर’ लागलेलं आडनाव कुळाचं मूळ दाखवतं असं आपण समजतो. नीट पाहिलं तर ते कुठून निघालो एवढंच दाखवतं, आणि तेही शेवटच्या मुक्कामापुरतं. त्याआधीचे मुक्काम त्यात नसतात. कोकणातल्या बेने इस्रायलींनी किहीमवरून केहिमकर आणि पेणवरून पेणकर ही आडनावं घेतली, म्हणून त्यांचं मूळ किहीम किंवा पेण होतं असं कुणी म्हणणार नाही. कुळदैवताचं तसंच. मूळ गाव हरवलं तर कुळदैवताच्या वाटेनं जा, असं घरोघरी सांगतात. पण लिंबागणेश ज्या जिल्ह्यात आहे त्याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईची योगेश्वरी आहे आणि ती थेट समुद्रकाठच्या चित्पावनांची कुळदेवी आहे. तेवढ्यावरून चित्पावन बालाघाटातून कोकणात उतरले असं म्हणायला एकही कागद आधाराला येत नाही. देवी आणि कुळ यांचं नातं आहे हे खरं; ते कधी जडलं आणि का जडलं, हे त्या नात्यावरून कळत नाही.

मग घराण्याचा इतिहास शोधायचा कशातून? घरात जी वंशावळ सांगितली जाते तिच्यापासूनच सुरुवात करावी, पण तिला एक प्रश्न विचारून: ही कुणासाठी आणि कशासाठी लक्षात ठेवली गेली? आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी एका माणसापाशी येऊन थांबतात. त्याला मूळ पुरुष म्हणतात. त्याला दोन किंवा तीन मुलगे असतात, त्यांच्यापासून भावकीतल्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडतात, आणि आज गावात ज्या शिवाराच्या ज्या पट्ट्या ज्या घरांकडे आहेत त्या नेमक्या या तक्षिमांशी जुळतात. हे जुळणं योगायोगाचं नाही. ज्याच्यापासून जमीन वाटली गेली तो मूळ पुरुष झाला. त्याला बाप होता, आजा होता, भाऊही असतील. पण त्यांच्यापासून वाटणीचा प्रश्न येत नव्हता म्हणून त्यांची नावं गळाली. माझं म्हणणं एवढंच आहे की घराणी पूर्वज आठवतात ते वाटणीपुरते. गाव वसवणारा पहिला पुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो माणूस खरा असेलही, त्याचं पहिलेपण मात्र एक दावा असतो. तो दावा कुणी, कुठे आणि कुणासमोर केला हे शोधणं म्हणजेच घराण्याचा इतिहास शोधणं.

पहिलेपणावर संशय घ्यायला पायाखालची माती पुरे आहे. गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या रानाला काळी. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या जोडीवरच गावाची सारी मांडणी उभी आहे. पांढरी पांढरी का, तर शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचत गेली म्हणून. मराठवाड्यात अशा पांढरीचे उंचवटे जागोजाग आहेत आणि तेर किंवा पैठणसारख्या ठिकाणी ते खणल्यावर सातवाहनांच्या काळाची वस्ती हाती लागली. म्हणजे या पट्ट्यात माणूस दोन हजार वर्षांपूर्वी घर करून होता. उलट घराण्यांच्या आठवणी, अगदी ताणून धरल्या तरी, तीन-चारशे वर्षांच्या मागे क्वचितच जातात. मधली शतकं कुठे गेली? त्यांतला मोठा भाग गावं उठण्यात आणि पुन्हा वसण्यात गेला. १६३०–३२ चा दख्खनचा दुष्काळ एवढा भीषण होता की शाहजहानच्या दरबारी इतिहासकारालाही तो नोंदवावा लागला. त्याच्या पाठोपाठ अहमदनगरची निजामशाही बुडाली, मुघल फौजा आल्या, मग मराठे आणि मुघल, पुढे मराठे आणि हैदराबादचे निजाम यांची ओढाताण सुरू झाली. गोदाकाठचं राक्षसभुवन, जिथे १७६३ साली निजामाच्या फौजेचा मोड झाला, ते बीड जिल्ह्यातच आहे, आणि १७९५ च्या लढाईचं खर्डाही फार दूर नाही. फौज ज्या वाटेनं जाई त्या वाटेवरची गावं ओस पडत. महसुली भाषेत अशा गावाला बेचिराग म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. आपण त्याचं बेचिराख केलं आणि त्यात राख आली. अशा गावाला सरकार कौल देई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण आकार; या चढत्या हिशेबाला इस्तावा म्हणत. कौल घेऊन जो कुणबी, पाटील आला त्यानं गाव वसवलं हे खरंच आहे. फक्त त्याच्या पायाखाली आधीच्यांची राख होती.

याचा सगळ्यात बोलका पुरावा थळझाडा नावाच्या कागदात आहे. १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे-नगरकडच्या गावांत हे कागद पाहिले आणि पुढे १८३५ मध्ये त्यावर लिहिलं. गावचं शिवार थळांत वाटलेलं असे आणि एकेका थळाला एकेका कुळाचं नाव असे. थळाचा धनी तो थळकरी किंवा मिरासदार. पण कितीतरी थळांवर ज्या कुळांचं नाव होतं त्यांतलं एकही माणूस गावात उरलेलं नव्हतं. अशा जमिनीला गतकुळ म्हणत. कूळ गेलं, नाव जमिनीला चिकटून राहिलं, आणि कसणारा तिसराच कुणी. शिवाय ही मिरास विकत मिळे. बाहेरून आलेला उपरी दोन-तीन पिढ्या राबला, पैसे साठले, की गतकुळाची मिरास मिरासपत्र करून घेई आणि त्याची नातवंडं स्वतःला मूळचे म्हणवू लागत. पाटीलकीसुद्धा निम्मी, चौथाई अशी विकली जाई. काही वेळा तर वतनाचा हिस्सा दुसऱ्याला देताना त्याला घरभाऊ करून घेत. रक्ताचा संबंध नसलेला माणूस कागदानं भाऊ होई, मानपानात आणि उत्पन्नात वाटेकरी होई. चार पिढ्यांनंतर वंशावळ सांगणाऱ्याला हे दोघं सख्खे भाऊ वाटले तर त्याची काय चूक?

इथे एक आक्षेप ठरलेला आहे. असं असेल तर वंशावळी, करीने, गोतसभेच्या निवाड्यांचे महजर, सगळेच खोटे, मग शोधायचं काय? करीना म्हणजे वतनाच्या तंट्यात वादीनं किंवा प्रतिवादीनं लिहून दिलेली आपल्या घराण्याची हकिकत: आमचा मूळ पुरुष अमुक, त्यानं गाव वसवलं, त्याचे मुलगे अमुक, एकाला दुष्काळात परागंदा व्हावं लागलं, दुसऱ्यानं वतन राखलं, मग भाऊबंदांनी बळकावलं. ही हकिकत लिहिणाऱ्याला आपला दावा जिंकायचा होता, तेव्हा ती पक्षपाती असणारच. पण ती एकांतात लिहिलेली नव्हती. समोर प्रतिवादी होता, गोत बसलं होतं, शेजारगावचे पाटील-कुलकर्णी होते, बलुतेदार होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला गावची खबर होती. अशा सभेत दाव्याच्या मुद्द्यावर खोटं बोलणं शक्य होतं. बाजूच्या गोष्टींत खोटं बोलायचं कारणच नव्हतं. दुष्काळाचं वर्ष, बायकामुलं घेऊन कोण कुठल्या सोयऱ्याकडे गेलं, परत यायला किती वर्षं लागली, कुणी कुणाला धान्य दिलं, हे तपशील हकिकतीत ओघात येतात आणि म्हणूनच ते भरवशाचे असतात. करीन्यात मूळ पुरुष शोधू नये, ही माणसं कुठून कुठे हलली ते शोधावं. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला साक्षीदार बसलेला नसतो त्याच प्रश्नाचं उत्तर तो बहुधा खरं देतो.

आता लिंबागणेश. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, बालाघाटाच्या माथ्यावरचं, भालचंद्र गणपतीचं हे गाव. चंद्रानं इथे तप केलं ही आख्यायिका गावाला कितीही मागे नेते. कागद तेवढे मागे जात नाहीत, पण समजतो त्यापेक्षा बरेच मागे जातात. शोधाची वाट उलटी चालायची. आजच्या सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घ्यायचा, तो फेरफार काढायचा, त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख असतो तो धरून मागे जायचं. वारसाच्या नोंदी गाव नमुना सहा-क मध्ये सापडतात. वाटेत पहिला खड्डा लागतो तो एकत्रीकरणाचा. जमिनींचे तुकडे जोडण्याच्या योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुना-नवा मेळ घालणारा उतारा हातात नसेल तर शोध तिथेच अडतो. तो खड्डा ओलांडला की १९५४-५५ चं खासरा पत्रक येतं. हैदराबाद राज्यात शेवटी शेवटी झालेली ही नोंद फार मोलाची आहे, कारण मालक कोण याबरोबर प्रत्यक्ष कसतो कोण तेही त्यात आहे. त्यामागे पहाणी पत्रकं आणि मोजणीनंतर तयार झालेलं सेतवार. निजामी मुलखात दिवाण सालारजंगानं १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली आणि पुढे मोजणी सुरू झाली, तेव्हा सलग महसुली नोंदींचा तळ साधारण तिथे लागतो. गावात देवस्थानाची किंवा दर्ग्याची खिदमतमाश इनाम जमीन असेल, किंवा एखाद्या घराला मदतमाश असेल, तर अतियात, म्हणजे इनाम, खात्याचे मुंतखब (इनामाचे निवाडे) पाहावेत. इनामाचा वारस ठरवताना शजरा, म्हणजे वंशवृक्ष, दाखल करावा लागे. इथेही तेच: जिथे वाटेकरी होते तिथे वंशवृक्ष लिहिला गेला.

हे कागद वाचताना माणसं कुठे चुकतात तेही सांगायला हवं, कारण खोट्या वंशावळी लबाडीपेक्षा अशा चुकांतून जास्त जन्मतात. हैदराबादचे कागद आधी फारसीत, १८८० च्या दशकापासून उर्दूत. घाईच्या उर्दू हस्ताक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असतात, आणि नुक्ता नसला तर शब्दाच्या मध्यात ब, प, त, न, य यांतलं कुठलं अक्षर आहे हे नुसत्या दातऱ्यावरून ठरत नाही. मराठी माणसाचं मराठी नाव उर्दू कारकुनानं कानानं ऐकून लिहिलं, ते नुक्त्याविना लिहिलं, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्यानं अंदाजानं वाचलं. पाटलाच्या नि कुलकर्ण्याच्या दप्तरातली मोडी वेगळ्या तऱ्हेनं फसवते: ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि ‘बिन’साठी नुसतं ‘बि’ लिहून पुढे दंड मारलेले. सालांचा घोळ तर विचारू नये. निजामी कागदांवर फसली साल असतं. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे १३५० फसली हे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. उत्तरेकडच्या फसलीचा फरक ५९२-९३ आहे; ते गणित इथे लावलं की प्रत्येक नोंद दोन-तीन वर्षं पुढे सरकते. पेशवाई कागदांत अरबी सन शब्दांत लिहिलेला: खमस सबैन मया व अलफ, म्हणजे ११७५, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, १७७४-७५. आणि ‘निजामशाहीतली सनद’ असं घरात सांगत असतील तर कुठली निजामशाही हे आधी विचारावं. अहमदनगरची १६३६ साली संपली, हैदराबादच्या आसफजाही निजामांचा अंमल १७२४ पासून १९४८ पर्यंत. दोघांची गल्लत झाली तर पूर्वज तीनशे वर्षं इकडचे तिकडे होतात.

मराठवाड्यात कागदच नाहीत, हा दुसरा आक्षेप अलीकडेपर्यंत सर्रास ऐकू येई. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि एकाएकी तालुक्या-तालुक्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. खासरा, पहाणी, कूळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं रजिस्टर, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, सगळ्यांच्या गाठोड्यांवरची धूळ झटकली गेली. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. पण घराण्याच्या इतिहासाच्या दृष्टीनं या घटनेत दोन गोष्टी आहेत. एक, कागद होते. ते मागणारा नव्हता. दुसरी, मागणी आली ती पुन्हा वाट्यासाठीच, या वेळी जमिनीच्या नव्हे तर जागांच्या. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास वर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आज सामान्य घरात पणजोबाचं नाव कुणी शोधत असेल तर निम्म्या वेळी त्यामागे यांतली एखादी तारीख असते. कुणबी प्रमाणपत्रांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटचं नाव सर्वतोमुखी झालं, आणि त्याबरोबर एक गैरसमजही पसरला. गॅझेटात अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे लोक किती हे आकडे असतात, माणसांची नावं नसतात. त्यात स्वतःचा पणजोबा सापडेल अशी आशा धरणं म्हणजे बाजाराच्या भावफलकावर आपल्या गोणीचं वजन शोधण्यासारखं आहे.

याहून गंभीर आक्षेप असा, की हा सगळा खेळ जमीनवाल्यांचा. ज्यांच्याकडे वाटायला काही नव्हतं त्यांचं काय? माझ्या म्हणण्याचा सरळ अर्थ काढला तर त्यांना पूर्वज आठवायचं कारणच नव्हतं, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, गावातलं वतन फक्त पाटील-कुलकर्ण्यांचं नव्हतं. महारांचं वतन होतं, बलुतेदारांची वतनं होती, त्यांच्या वाट्यावरून, पाळीवरून तंटे होत आणि त्यांतही घराण्यांची नावं लिहिली जात. गावच्या शिवेचा वाद पडला तर महाराची साक्ष निर्णायक मानत, कारण पिढ्यान्‌पिढ्या शीव त्याच्या पायाखालची. गावाचा भूगोल ज्याला तोंडपाठ होता त्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, आणि आज त्याच्या वंशजाला ‘तुम्ही मूळचे कुठले’ असं विचारणारेही भेटतात. दुसरी गोष्ट कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना चौदाची. जन्ममृत्यूच्या या नोंदीत जमीन असो नसो, नाव येतं. या नोंदी विदर्भात आणि पश्चिम महाराष्ट्रात मुबलक, मराठवाड्यात विरळ. पण शेजारचा नगर जिल्हा १८१८ पासून इंग्रजी अमलात होता आणि सोयरिकी काही राज्याची हद्द पाहून होत नव्हत्या. पाटोदा-आष्टी ओलांडून जामखेडकडे लेक दिली असेल तर तिच्या सासरच्या गावच्या नोंदीत माहेरचा धागा सापडण्याचा संभव आपल्या गावातल्यापेक्षा जास्त. तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक साठा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, हरिद्वार इथे यात्रेकरूच्या हातून नामावळी लिहून घेतली जाई. हरिद्वारच्या वह्यांचं तर अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं सूक्ष्मचित्रण करून ठेवलं आहे. पण तिथेही वही उघडली जाई ती ज्याच्याकडे यात्रेचं बळ होतं त्याच्यासाठी, आणि ज्याला देवळाच्या पायरीशीच अडवलं त्याचं नाव तिथे शोधून मिळायचं नाही. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडे बैलावर बसून दारोदार वंशावळ सांगणारे हेळवी, किंवा इकडचे भाट, यांचंही गणित तेच होतं. धान्य देणाऱ्याची पिढी सांगितली जाई.

आणि ज्यांना वाटा मिळतच नव्हता त्या बायका? हिशेब साधा आहे. दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, असं दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. दहा पिढ्या म्हणजे जेमतेम अडीच-तीनशे वर्षं. आडनावाची रांग या १०२४ पैकी एका जागेवर जाते. वंशावळीच्या कागदावर ती एकच रेघ ठळक असते. बरं, लेकीनं गावाबाहेर नांदायला जावं हा आपला रिवाज. म्हणजे प्रत्येक पिढीत निम्मे पूर्वज दुसऱ्या गावाहून आलेले. जो मोठ्या अभिमानानं आम्ही दहा पिढ्या लिंबागणेशचे असं म्हणेल त्याच्या पूर्वजांचा बहुतांश भाग हयातभर दुसरीकडे राहिला असणार: आसपासच्या वीस-तीस कोसांत, बालाघाटाच्या वरच्या आणि खालच्या गावांत, कदाचित लिंबागणेशचं नावही न ऐकता. म्हणूनच गावाचा पहिला रहिवासी शोधण्यापेक्षा सोयरिकींचं क्षेत्र शोधणं जास्त खरं. पण कागद तिथे नेत नाहीत. मराठवाड्यातल्या जुन्या सातबाऱ्यावर बाईचं नाव येतं ते ‘भ्र.’ लावून, भ्र. म्हणजे भ्रतार, आणि पुढे नवऱ्याचं नाव. बाप नाही, माहेरचं गाव नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर लेकींची नावं वारसाच्या फेरफारात चढू लागली आणि लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडपत्रानं उतरू लागली. कितीतरी आत्यांचं सरकारी दप्तरातलं अस्तित्व या दोन फेरफारांमधल्या काही महिन्यांचं आहे. तरीही शोध घेणाऱ्याला हक्कसोडपत्र सोन्यासारखं, कारण त्यात बहिणीचं माहेर आणि सासर, दोन्ही गावं एकाच ओळीत सापडतात. १ मे २०२४ पासून राज्यात सरकारी कागदांवर आईचं नाव लागू लागलं आहे. त्याचा उपयोग आजच्या पिढीला नाही, तीन पिढ्यांनंतर होईल.

तोंडी परंपरेचा कैवार घेणारे म्हणतील, कागदाला एवढं महत्त्व कशाला, आमच्याकडे सात पिढ्या तोंडपाठ आहेत. असतील. पण आपल्याकडे नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत आहे. गणपतीचा मुलगा बापू, बापूचा गणपती, त्या गणपतीचा पुन्हा बापू. अशा साखळीत मधल्या दोन पिढ्या गळाल्या तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि दोन जास्त झाल्या तरी नाही. तोंडी वंशावळीतला क्रम फेरफाराशी ताडून पाहावा, निदान एका टोकाला तरी. स्मरणाची नैसर्गिक लांबी किती याचं उत्तर श्राद्धविधीत मिळतं. तिथे बाप, आजा, पणजा अशी तीनच नावं लागतात. गंमत अशी की ज्या विधीला आपण जुनाट म्हणतो त्यात आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुषही उच्चारले जातात; सातबाऱ्यानं आणि वंशावळीनं जे गाळलं ते तर्पणानं ठेवलं. तरी तीनच पिढ्या, कारण विधीला तेवढ्याच पुरतात. आता थुंकीच्या नमुन्यावरून वंश सांगणाऱ्या डीएनए चाचण्या आल्या आहेत. पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून बापाची रांग, मायटोकॉन्ड्रियावरून आईची रांग, म्हणजे १०२४ पैकी दोन जागांविषयी काही हजार वर्षांच्या अंतरावरून बोलणं. त्यातून गाव कळत नाही, घराणं कळत नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी की जे गेले त्यांचा माग सोपा आणि जे राहिले त्यांचा अवघड. १८३४ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास बंदरांतून करारावर मॉरिशसला मजूर गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसं होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची दप्तरं आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, आणि १८६० च्या दशकापासून छायाचित्रंसुद्धा. मळेवाल्याला पळालेला मजूर ओळखून काढायचा होता म्हणून ही काळजी. त्यामुळे मॉरिशसच्या मराठी माणसाला आपल्या खापरपणजोबाचा चेहरा पाहता येतो, जो लिंबागणेशमध्ये सात पिढ्या राहिलेल्याला कधीच दिसणार नाही. बीड जिल्ह्यातून आज दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जोडप्यांचे कोयते उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. त्यांचं नाव लिहिलं जातं ते मुकादमाच्या वहीत, किती उचल दिली आणि किती फिटली एवढ्यापुरतं. हंगाम संपला, हिशेब मिटला की त्या वहीला कुणी विचारत नाही. फडावरच्या खोपटात मूल जन्मलं तर १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद जन्म झाला त्या ठिकाणी करायची असते, आईबापाच्या गावी नव्हे. ती झालीच, तर त्या मुलाचं नाव कारखान्याच्या गावच्या दप्तरात राहतं, आणि त्याच्या नातवंडांना आजोबाचा जन्म शोधायला बालाघाट उतरून उसाच्या मुलखातल्या कुठल्या तरी ग्रामपंचायतीत जावं लागेल, हंगाम कुठल्या कारखान्यावर होता हे कुणाच्या तरी लक्षात असलं तर.